सायकल सहलीचा मुक्काम : आधी रात्र ठरवा, मग रस्ता

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारवा वाढला, की नाशिक, पुणे आणि मुंबईच्या सायकलस्वारांच्या गप्पांत भंडारदरा, शिर्डी, शनिशिंगणापूर ही नावे येऊ लागतात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, 17 हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला अहिल्यानगर जिल्हा सायकलवाल्यांना भरपूर काही देतो. पश्चिमेला अकोले तालुक्यातले डोंगर आणि धरणांचे पाणी, मध्ये प्रवरेकाठचा उसाचा सपाट पट्टा, तर पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडची कोरडी माळराने. तीन दिवसांच्या सुट्टीत यातला एखादा भाग आरामात पाहून होतो.

सहलीची तयारी करताना मात्र बहुतेकांचे सगळे लक्ष सायकलवर असते. टायर, गिअर, हेल्मेट, मोबाइलवरचा नकाशा. रात्री कुठे झोपायचे, हा प्रश्न शेवटी येतो आणि ‘जाऊ तिथे मिळेल काहीतरी’ या उत्तरावर सुटतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. दिवसभर पायडल मारताना स्नायू थकतात, त्यांची झीज होते. ती भरून निघते रात्रीच्या जेवणात आणि झोपेत. दुसऱ्या दिवशी तुम्ही ताजेतवाने निघणार की जड पायांनी, उन्हाच्या आधी पोहोचणार की अंधारात चाचपडणार, हे बऱ्याच अंशी आदल्या रात्रीचा मुक्काम ठरवतो.

मुक्कामाला आपण नवे नाही

जर्मनीतल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने 1995 मध्ये ‘बेट उंड बाइक’ नावाची योजना सुरू केली. बेट म्हणजे बिछाना. सायकलवाल्यांची सोय पाहणाऱ्या हॉटेलांना आणि घरगुती निवासांना ही संघटना एक पाटी देते. आज अशी काही हजार ठिकाणे आहेत. पाटी मिळवण्याच्या अटी साध्या आहेत : पाहुणा एकाच रात्रीसाठी आला तरी नाकारायचे नाही, सायकल ठेवायला कुलूपबंद जागा हवी, ओले कपडे वाळवायची सोय हवी, सकाळी पोटभर न्याहारी हवी, किरकोळ दुरुस्तीची हत्यारे हवीत आणि जवळच्या सायकल दुकानाची माहिती हवी. पोहण्याचा तलाव किंवा वातानुकूलित खोली यांचा त्या यादीत पत्ता नाही.

ही यादी वाचून नगरकडच्या माणसाला वारीच आठवेल. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. एका रात्रीचा मुक्काम, टेकायला देवळाचा मंडप किंवा शाळेची ओसरी, ताटात गरम भाकरी, पहाटे पुन्हा वाट. थकलेल्या वाटसरूला नेमके काय लागते, हे वाटेवरच्या गावांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नाशिकच्या सायकलस्वारांची पंढरपूर सायकल वारीही नगरमार्गेच जाते. आपल्याकडे सायकलस्नेही निवासाच्या पाटीची सवय अजून रुजलेली नाही. तोवर ते निकष आपणच खिशात ठेवायचे आणि खोली ठरवताना विचारायचे.

जेवण : पोहोचल्यावर दोन तासांत

मध्यम वेगाने सायकल चालवताना साधारण 70 किलो वजनाचा माणूस तासाला 400 ते 500 किलोकॅलरी खर्च करतो. या कामाला लागणारी साखर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते. हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅमचा. चार-पाच तासांच्या प्रवासात तो बराच रिकामा होतो आणि पूर्ण भरायला एक दिवसही लागू शकतो. व्यायाम संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत स्नायू साखर सर्वांत वेगाने ओढून घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल चालवायची असेल तर हे तास वाया घालवू नयेत.

या वेळी तासाला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावेत, असे क्रीडा आहारशास्त्र सांगते. साठ किलोच्या माणसाला हे प्रमाण एक ज्वारीची भाकरी आणि एक केळे एवढ्यात भागते. सोबत पिठले, मटकीची उसळ, अंडी किंवा दूध असले की स्नायूंच्या डागडुजीला लागणारी प्रथिनेही मिळतात. म्हणजे महागड्या पावडरीची गरज नाही. वेळेवर चूल पेटणारे घर मात्र हवे. दुपारी दोनला पोहोचलात आणि स्वयंपाकघर रात्री साडेआठला सुरू होणार असेल, तर उत्तम खोलीचाही उपयोग नाही.

मधुमेहींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर दीर्घ व्यायामानंतर काही तासांनी, अगदी मध्यरात्री झोपेतही, खाली जाऊ शकते. सहलीपूर्वी औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे, जेवणाची वेळ यजमानाकडून पक्की करून घ्यावी आणि उशाशी साखर, खजूर किंवा बिस्किटे ठेवावीत. खोलीतल्या सोबत्यालाही याची कल्पना द्यावी.

पाणी : किती आणि कसे

उन्हात सायकल चालवताना तासाला अर्धा ते दीड लिटर घाम जाऊ शकतो. शरीराचे वजन पाण्याअभावी दोन टक्क्यांहून अधिक घटले की दम लवकर लागतो आणि लक्ष विचलित होते. नगरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. मुक्कामी पोहोचल्यावर तो गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडले आहे. एका दमात दोन-तीन लिटर साधे पाणी ढोसणेही चूक, कारण रक्तातले सोडियम पातळ होऊन डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो. घोट घोट पाणी, मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत आणि जेवण यांनी भरपाई नीट होते.

मुक्कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी कुठले, हे विचारायला लाजू नये. सहलीत पोट बिघडले की पुढचे सगळे बेत कोलमडतात. गाळून उकळलेले पाणी रात्रीच बाटल्यांत भरून मिळाले तर सकाळचा अर्धा तास वाचतो.

झोप : पहिली रात्र निम्मीच

नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सर्वांचाच. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये यामागचे एक कारण दाखवले. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग, त्यांच्या प्रयोगात डावा, दुसऱ्यापेक्षा हलका झोपतो आणि बारीक आवाजालाही प्रतिसाद देतो. जणू घराची राखण करत जागा राहतो. पुढे हा फरक कमी होतो.

सायकल सहलीत याचा सरळ उपयोग आहे. रोज गाव बदलण्याऐवजी एकाच ठिकाणी दोन-तीन रात्री राहून तिथून वेगवेगळ्या दिशांना फेऱ्या मारल्या, तर निदान दुसऱ्या रात्रीपासून झोप चांगली मिळते. सामान खोलीवर राहते, सायकल हलकी होते आणि एखाद्या दिवशी पाय दुखले तर फेरी रद्द करता येते. पहिल्यांदाच अशा सहलीला निघालेल्यांनी, मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी हीच पद्धत धरावी.

दुसरी गोष्ट आंघोळीची. झोपण्यापूर्वी एक-दोन तास गरम पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत 2019 मध्ये दिसले. आंघोळीने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, नंतर शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि उतरते तापमान मेंदूला झोपेचा इशारा देते. आपल्याकडच्या अनेक लॉजमध्ये मात्र ‘गरम पाणी सकाळी 6 ते 9’ अशी पाटी असते. सायकलवाल्याला ते संध्याकाळी हवे असते. डिसेंबर-जानेवारीत नगरची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते. घामेजलेल्या अंगाला तेव्हा गार पाणी नको वाटते, मग आंघोळच टळते. होमस्टेमध्ये चार वाजता फोन करून ‘पाचला पोहोचतोय, बंब पेटवून ठेवा’ असे सांगितले की काम होते.

आंघोळीचा संबंध आणखी एका दुखण्याशी आहे, ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. सीटवर तासन् तास बसून मांड्यांच्या वरच्या भागात घर्षण होते, घाम साचतो, केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग होऊन फोड येतात. दुसऱ्या दिवशी बसणेच अशक्य होते. उपाय साधा आहे : पोहोचताच ओली चड्डी काढा, साबणाने अंग धुवा, कोरडे करा आणि रोज धुतलेलीच चड्डी घाला. त्यासाठी बादली, कपडे वाळवायची दोरी आणि रात्रभर चालणारा पंखा हवा. एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या या तीन वस्तू इथे औषधाचे काम करतात.

अंधारापूर्वी पोहोचायचे

मुक्काम किती अंतरावर असावा, याचे गणित सूर्याकडून मांडावे. डिसेंबरात नगरला संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर तासाला साधारण 15 किलोमीटर जाते, चढावर वेग निम्म्यावर येतो. त्यात चहा, जेवण, पंक्चर धरा. नवख्याने दिवसाला 50 ते 60 किलोमीटरच धरावेत. सकाळी सातला निघाले तर दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठता येतो.

या जिल्ह्यात अंधाराची भीती दोन कारणांनी अधिक आहे. सहलीचा हंगाम आणि उसाच्या गाळपाचा हंगाम एकच. राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, कोपरगाव, संगमनेर भागांत त्या काळात उसाने खचाखच भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. मागचा दिवा किंवा परावर्तक पट्टी प्रत्येकीला असतेच असे नाही. दुसरे कारण बिबट्या. अकोले, संगमनेर, राहुरी, पारनेर पट्ट्यात उसाच्या शेतांनी त्याला घर दिले आहे. सायंकाळनंतर उसातल्या पाऊलवाटेने एकट्याने सायकल चालवणे तिथले शेतकरीही टाळतात. त्यामुळे मुख्य रस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत असलेले शेतघर कितीही रम्य दिसले, तरी तिथे उजेडातच पोहोचता येईल याची खात्री असेल तरच ठरवावे.

थकव्याचाही हिशेब हवा. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंदावते, असे 1997 मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात आढळले होते. पहाटे तीनला घर सोडून, गाडीने सायकली आणून, रात्री आठपर्यंत रस्त्यावर राहणारा सायकलस्वार नेमका याच अवस्थेत असतो. आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम करणे हाच शहाणपणा.

कुठे राहावे : तीन पट्टे

भंडारदरा परिसर तळ ठोकण्यासाठी सर्वांत सोयीचा. इगतपुरी स्थानकावरून घोटी, बारीमार्गे शेंडीपर्यंतचा रस्ता एका सकाळचा. शेंडीत पर्यटन महामंडळाचे निवास आणि खासगी हॉटेले आहेत. रतनवाडी, साम्रद, पांजरे, मुरशेत या गावांत आणि कळसूबाईच्या पायथ्याशी बारीत घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाला वळसा घालणारी, घाटघर आणि साम्रदवरून जाणारी फेरी चाळीसहून अधिक किलोमीटरांची आहे. चढ-उतार पाहता ती पूर्ण दिवसाची समजावी. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ वाटेतच लागते. या खोऱ्यात मोबाइलचे नेटवर्क सलग मिळत नाही, म्हणून यजमानाचा क्रमांक आणि रस्ता कागदावर लिहून ठेवावा. पावसाळ्यात घाटघरला राज्यातल्या सर्वाधिक पावसापैकी पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत, ब्रेक घसरतात. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला मोटारींची रीघ लागते. ते आठवडे सायकलसाठी नकोतच. जलाशयाकाठी तंबूत राहणार असाल तर सामान जमिनीवर पसरू नका आणि सकाळी बूट झटकूनच घाला.

दुसरा पट्टा नगर शहराचा. शहरात लॉज आणि हॉटेले भरपूर, शिवाय सायकल दुरुस्तीची दुकाने आणि रुग्णालये हाताशी. इथे राहून एका दिवशी भुईकोट किल्ला, फराहबाग आणि रणगाडा संग्रहालय, दुसऱ्या दिवशी चांदबिबी महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर, तिसऱ्या दिवशी डोंगरगण किंवा हिवरे बाजार अशा छोट्या फेऱ्या होतात. चांदबिबी महालाचा चढ दमवणारा आहे, तो सकाळी लवकर करावा. शहरात खोली घेताना रस्त्याकडेची टाळून मागच्या बाजूची मागावी. रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकत राहिले तर झोपेचे गणित बिघडते.

तिसरा पट्टा देवस्थानांचा : शनिशिंगणापूर, नेवासे, देवगड, शिर्डी. रस्ते बहुतांश सपाट, भक्तनिवासांत खोल्या स्वच्छ आणि दर माफक, जेवण वेळेवर. अडचण गर्दीची. शिर्डीत गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीला, तर शिंगणापुरात शनि अमावास्येला खोली मिळणे कठीण. निघण्यापूर्वी पंचांग उघडा. मोठ्या भक्तनिवासांत सायकल खोलीत नेऊ देतीलच असे नाही, ते आधी विचारावे. शिंगणापुरात घरांना दारे नसण्याची परंपरा आहे, पण आपल्या सायकलला कुलूप तिथेही लावावे.

तालुक्याच्या गावी सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहे असतात. जागा चांगली असते, पण सरकारी कामावर आलेल्यांना प्राधान्य, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये. राज्याच्या पर्यटन विभागाकडे नोंदलेली न्याहारी-निवासाची घरे आणि कृषी पर्यटन केंद्रे हा चांगला पर्याय आहे. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानंतर अशी केंद्रे सुरू करण्याला प्रोत्साहन मिळाले आहे.

फोनवर विचारा

खोली ठरवताना पुढचे प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात :

• सायकली रात्री कुठे राहतील? खोलीत, व्हरांड्यात की कुलूपबंद शेडमध्ये? खोली तळमजल्यावर मिळेल का?
• एकाच रात्रीसाठी खोली द्याल का? आधार कार्ड सर्वांचे लागेल का?
• संध्याकाळी गरम पाणी मिळेल का?
• दुपारी पोहोचल्यावर लगेच काही खायला मिळेल का? रात्रीचे जेवण साडेसातला होईल का?
• सकाळी साडेसहाला पोहे, उपमा किंवा भाकरी आणि चहा मिळेल का? नसेल तर रात्रीच बांधून द्याल का?
• कपडे धुवायला बादली, वाळवायला दोरी, सायकल पुसायला नळ आणि जुने फडके मिळेल का?
• शेवटचा रस्ता डांबरी आहे की कच्चा? चढ किती?
• जवळचे ग्रामीण रुग्णालय आणि सायकल दुकान किती अंतरावर?

विजेवर चालणारी सायकल असेल तर चार्जिंगचेही विचारा. नेहमीच्या 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास बॅटरीला पूर्ण चार्ज व्हायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, तेव्हा यजमानाला खर्चाची धास्ती नको. पण बॅटरी दाराजवळ किंवा गादीवर ठेवून, रात्रभर झोपेत चार्ज करू नये. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच अडते.

दुरुस्तीचे सामान स्वतःजवळ ठेवावे. कोरड्या पट्ट्यात बाभळीचे काटे आणि सराटे यांनी पंक्चर ठरलेलेच. गावातल्या दुकानात गिअरच्या सायकलची बारीक तोंडाची ट्यूब मिळेलच असे नाही. दोन ट्यूब, पंप आणि पंक्चरची पेटी बरोबर असली की निभावते. छातीत दुखणे, घेरी येणे, घाम थांबून अंग तापणे किंवा बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसली तर सायकल तिथेच ठेवावी, सावलीत झोपवावे आणि 108 ला फोन करावा.

यजमानांसाठीही

जिल्ह्यात होमस्टे चालवणाऱ्यांनी हीच यादी दुसऱ्या बाजूने वाचावी. सायकलवाला पाहुणा मोटारीतून खाऊ घेऊन येत नाही. तो गावातच जेवतो, गावातलेच दूध आणि केळी घेतो, डीजे लावत नाही आणि रात्री नऊला झोपतो. त्याच्यासाठी पडवीत कुलूप लावता येईल असा एक लोखंडी गज, एक पायपंप, एक दोरी आणि दुपारची गरम भाकरी एवढी गुंतवणूक पुरे. बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्या अकोले तालुक्यात तर गावरान धान्याची भाकरी आणि रानभाजी हेच पाहुण्याला बोलावण्याचे मोठे कारण ठरू शकते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तीन दिवसांच्या सहलीत तो सहज होतो. पण महिनाभर खुर्चीत बसून तीन दिवसांत सगळी कसर भरून काढू नये. आधीचे चार-सहा आठवडे घराजवळ सायकल चालवून, अंतर हळूहळू वाढवावे. मग नकाशा उघडावा, आधी मुक्कामाच्या जागांवर खुणा कराव्यात, त्यांना फोन लावावेत आणि त्या खुणा जोडणारा रस्ता शेवटी आखावा.